टोपणांची वाटणी

मी, सौ. प्रेमलता रघुनाथ ताम्हणे, वय वर्षे बाहत्तर, राहणार डमडम, कोलकाता, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. कोणाचा दबाव नाही, असे लिहायची पद्धत आहे. दबाव बाहेरच्या खोलीत चहा पीत बसला आहे. माझे यजमान रघुनाथ यांनी काल मजकूर तोंडी सांगितला: सर्व काही पतीला. मी तोच उतरवते आहे, अशी त्यांची समजूत आहे.

१. हा फ्लॅट माझ्या वडिलांनी, कै. मनोहर रिसबूड यांनी, मला दिला. तो मी माझी मुलगी देवयानी हिला देते. ह्यांना तो विकून पुण्याला पुतण्याकडे जायचे आहे. ह्यांनी खुशाल जावे. इथेच राहायचे म्हणाले, तर राहू द्यायचे की नाही हे देवयानीने ठरवावे. आईच्या आत्म्याला काय वाटेल, हा विचार तिने करू नये. काही वाटणार नाही.

२. वडिलांचे धर्मतल्ल्याला पेनांचे दुकान होते. ते म्हणत, "बोरू सारखा तासावा लागे, टाक सारखा दौतीत बुडवावा लागे. फाउंटन पेन आलं आणि माणूस न थांबता लिहायला लागला." पुढे बॉलपेन आले आणि दुकान बसले. उरलेली पेने त्यांनी माझ्या नावे केली. ती लग्नानंतर ह्यांच्या कपाटात गेली आणि किल्ली ह्यांच्या जानव्याला.

३. अनोळखी गिऱ्हाइकाला पेन देताना वडील टोपण स्वतःच्या हातात ठेवत, म्हणजे पेन परक्या खिशाला लागत नसे. जावयाने सासऱ्याची तेवढी एक गोष्ट उचलली आणि माझ्यावर चालवली. माझेच पेन मला द्यायचे आणि टोपण धरून डोक्याशी उभे राहायचे. बँक असो, विमा असो, "वाचायचं काय त्यात? सही कर." गार्डन रीचच्या एका शाळेत मला शिक्षिकेची नोकरी लागली, तेव्हा नकाराचे पत्र ह्यांनी सांगितले आणि मी लिहिले. शाई वाळायच्या आत टोपण बसले. ह्याची क्षमा मी केलेली नाही आणि करणार नाही.

४. सबब सर्व पेने देवयानीला. सर्व टोपणे, एकही न वगळता, रघुनाथ यांना. ती स्वच्छ पुसून डब्यात घालून द्यावीत. पेने वाळली तरी चालतील, पण ह्यांनी मागितली तर एकही देऊ नये.

५. "हिचं डोकं आता चालत नाही," असे हे शेजाऱ्यांना सांगत असतात. माझ्यामागे कोर्टातही सांगतील. म्हणून एक साक्षीदार तेच असावेत. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. मी शुद्धीत सही केली, एवढेच त्याने पाहायचे. साक्षीदाराला दिलेले कायद्याने बाद होते, हे ह्यांना ठाऊक नाही; टोपणे देवयानीने तरीही द्यावीत. आज ह्यांनी प्रथमच पेन टोपणासकट दिले, कारण लिखाण त्यांच्या फायद्याचे आहे. दुसरे साक्षीदार डॉक्टर खांबेटे यांच्यासमोर मी सही करीन आणि मग पेन ह्यांच्या हाती देईन. हे चष्मा शोधू लागले, तर काय म्हणायचे ते मला पाठ आहे. टोपण माझ्या हातात राहील.

स्थळ: डमडम, कोलकाता
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

लिहून देणार: (सही) प्रेमलता रघुनाथ ताम्हणे

वरील सही सौ. प्रेमलता यांनी आमच्या समक्ष, पूर्ण शुद्धीत व स्थिर बुद्धीने केली, याचे साक्षीदार:

१. (सही) डॉ. उन्मेष खांबेटे
२. (सही) रघुनाथ गोविंद ताम्हणे