मला फक्त शॉर्टस्टॉप येतं

सर, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडत असते. आज म्हटलं, लिहूनच भांडून घ्यावं. तुम्ही उलट उत्तर देऊ शकणार नाही, हा फायदा मला पहिल्यांदाच मिळतोय.

आपल्या कॉलेजच्या मुलींच्या बेसबॉल टीमला बाहेरगावी न्यायला दहाच जणींची परवानगी मिळायची. मैदानात नऊ, राखीव एक, आणि ती एक हमखास आजारी. म्हणून तुम्ही मला सगळं शिकवलंत. मला मनापासून आवडायची ती शॉर्टस्टॉपची जागा, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली, जिथे चेंडू सणसणत येतो आणि विचार करायला वेळच नसतो. पण कुणाचा पाय मुरगळला, कुणाला घरून बोलावणं आलं, की तुमची हाक यायची, "ए, कॅचरचा मास्क चढव." मी चढवायची आणि बॅटरच्या मागे गुडघे वाकवून बसायची. पुढच्या मॅचला पिचिंग, त्याच्या पुढच्या मॅचला पार मागे सेंटर फील्डला. "मला एकाच जागी खेळू द्या ना," असं एकदा म्हटलं, तर तुम्ही अख्ख्या टीमसमोर खडसावलंत, "जागेचा हट्ट धरायचा असेल तर घरी खुर्चीवर बस." सगळ्या हसल्या. मीही हसले. विद्यापीठाच्या संघाची निवड झाली तेव्हा प्रत्येक जागेसाठी एकेक मुलगी घेतली आणि मी कुठल्याच जागेची नव्हते. त्या संध्याकाळी तुम्ही मला घरी नेलंत. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी आहे, काकू तव्यावरचं थालीपीठ थेट माझ्या ताटलीत टाकतायत, आणि तुम्ही तुमचा स्वतःचा, कॅचरचा जाड ग्लोव्ह माझ्यापुढे धरताय. "हा ज्याच्याकडे असतो, त्याला कुणी बाहेर बसवत नाही." मला रडू येत होतं आणि ग्लोव्ह फार छान होता, दोन्ही खरं.

तुमचं म्हणणं खरं झालं, सर. मला कुणी बाहेर बसवत नाही, आणि बाहेर पडूही देत नाही. मी आता लंडनमध्ये, हाउन्सलोला विमानतळाजवळच्या एका कार्गो कंपनीत आहे. घेतलं होतं प्लॅनर म्हणून. कुठला माल कुठल्या विमानाने जाईल ते ठरवायचं काम, आणि ते मला शॉर्टस्टॉपइतकंच आवडतं. पण कस्टम्सचा माणूस सुट्टीवर गेला, त्याच्या जागी मी बसले. पहाटेच्या शिफ्टला कुणी मिळेना, मी गेले. मध्यंतरी प्लॅनिंगची टीम नव्याने बांधली, तर त्यात सगळी बाहेरची माणसं घेतली. आमचा मॅनेजर पुण्याचा, माझ्याच वयाचा. जाब विचारायला गेले तर म्हणाला, "अगं, तुला तिकडे मूव्ह केलं तर इथे कव्हर कोण करणार? तू असलीस की मला टेन्शनच नसतं यार. बाय द वे, मंडेपासून रिटर्न्स डेस्कपण बघशील ना? जस्ट फॉर अ बिट." माझा व्हिसा याच कंपनीच्या भरवशावर आहे. सोडलं तर दुसरी कंपनी शोधायला मोजके आठवडे मिळतात, नाहीतर सामान बांधायचं. "बघते ना," मी म्हणाले, त्याचं वाक्य पुरतं संपायच्या आत. स्वतःचाच इतका राग आला की लिफ्टमध्ये बटण दाबायचं सुचेना.

त्याच रविवारी पार्कातल्या एका हौशी टीमकडे पहिल्यांदा खेळायला गेले. कॅप्टन लंडनच्याच पिनर भागातली, इथेच जन्मलेली, आईवडील मराठी. "ताई, तुझा पोझिशन काय? लाइक, कुठे खेळते तू?" म्हणाली. माझ्या तोंडून निघून गेलं, "मला फक्त शॉर्टस्टॉप येतं." "ओके, कूल," म्हणाली आणि तिने मला तिथे उभं केलं. एवढ्यावर भागलं, सर. कुणी खडसावलं नाही.

शेवटच्या डावात आम्ही एका रनने पुढे होतो आणि आमच्या कॅचरच्या अंगठ्यावर चेंडू बसला. बोट टरारून सुजलं. कॅप्टनने एकेकाकडे पाहिलं, "एनीवन? कॅचिंग येतो कोणाला?" तुमचा ग्लोव्ह बाकाखाली माझ्या बॅगेत होता, सवयीने आणलेला. माझे गुडघे आपोआप वाकायला लागले, खरं सांगते. मग वाकलेच होते तर बुटाची लेस बांधत बसले. शेवटी एका दाढीवाल्या अकाउंटंटने मास्क चढवला, आणि बिचाऱ्याच्या हातून चेंडू सुटत राहिले. प्रत्येक सुटलेल्या चेंडूला समोरची टीम एकेक बेस पुढे सरकत होती. मला तुमचा आवाज ऐकू येत होता, आणि मी जागची हलले नाही.

सोमवारी रिटर्न्स डेस्कवर बसले, ती अजून तिथेच आहे. नवीन जागांसाठी अर्ज करते, "तुम्ही नेमकं काय करता" या प्रश्नाशी अडते. हे पत्र काकूंकडे पाठवलं तर त्यांना उगाच वाईट वाटेल, म्हणून घडी करून ग्लोव्हमध्ये ठेवते. एवढंच सांगायचं होतं की आम्ही हरलो, सर, माझ्यामुळे हरलो, आणि घरी येताना बसमध्ये मला इतका आनंद झाला होता की उतरायचं राहून गेलं.