पुळण मोकळी राहावी म्हणून

मी, सुमंगला शिवदास परब, वय एकोणऐंशी, राहणार केरी, तालुका पेडणे, हे स्वखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दबाव नाही. गुडघे तेवढे ऐकत नाहीत.

एक. राहते घर व डोंगरावरची काजूची बाग मुलगा देवेश आणि मुलगी विनिता यांना सारखी. विनिता लग्न होऊन वास्कोला गेली म्हणून तिचा वाटा कमी धरू नये. नारळ खवण्याची आदोळी सुनेला, वर्षाला. तिचा हात तिच्यावर बसला आहे.

दोन. समुद्राकडची पुळण. गोव्याच्या कायद्याने अर्धी मिळकतच माझ्या मर्जीची, उरलेली अर्धी मुलांच्या हक्काची. ही पुळण मी त्या अर्ध्यात धरते.

शेजारची जमीन माझे चुलत दीर गोपाळ यांनी हॉटेलवाल्याला विकली. तिथे भिंत आली, फाटक आले. देवेशही मागे लागला होता, "आये, नुसती वाळू आणि केवडे हे. धरून बसून काय मेळतला?"

मग गेल्या वर्षी भर पावसात आमच्या वाड्यातल्या मासेमार महादेवची होडी किनाऱ्याजवळ उलटली. त्याची बायको गंगा वाड्यातल्या माणसांना घेऊन जवळच्या वाटेने धावली. फाटकाला कुलूप. राखणदार म्हणाला, "चावी साहेबांकडे आहे, बाई." सगळे मागे फिरून आमच्या पुळणीतून गेले. देवेश सर्वांच्या पुढे होता. महादेवबरोबर होडीत असलेल्या त्याच्या भावाला जिवंत काढले. महादेवला देवेशने उचलून आणले आणि केवड्याखाली ठेवले. गंगा त्याचे केस पुसत बसली.

त्यानंतर देवेशने विक्रीचा विषय काढला नाही.

किनारा मोकळा ठेवण्यासाठी ही जमीन सरकार संपादन करणार, अशी नोटीस यंदा आली. मोजणीला आलेले अधिकारी म्हणाले, "आजी, हरकत असेल तर सांगा." मी तोंड उघडण्याआधीच देवेश बोलला, "हरकत नाय. आमका ती तशीच होयी." आणि स्वतः चिखलात उतरून त्याने हद्दीचे दगड दाखवले.

मी संमती दिली आहे. माझ्या मागे कोणीही ती मोडू नये. मोबदला दोन्ही मुलांना सारखा. संपादन रखडले तर पुळण पंचायतीला द्यावी, बांधकाम कधीही न करण्याच्या अटीवर.

तीन. गोपाळभावोजी माझ्या बाराव्याला आले तर त्यांना पानावर बसवावे. भिंतीबद्दल मी त्यांना माफ केलेले नाही. तरी ते उपाशी जाऊ नयेत.

चार. पुळणीवर माझ्या नावाची पाटी लावू नये. बाक नको, दिवे नकोत. ज्याला समुद्राकडे जायचे आहे त्याने जावे.

वाचून, समजून सही केली.

सुमंगला शिवदास परब

आमच्यासमोर सही झाली:
१. सुदेश शांताराम नाईक, केरी
२. शुभांगी किरण शेटगांवकर, तुये

पेडणे, १२ डिसेंबर २०२४