देवराईवरचा लेख

कोळवण, १५ जानेवारी २०२५

ती. शेखरमामांस, गौतमीचा शि. सा. न. वि. वि.

गळ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तुम्हाला महिनाभर बोलायची बंदी घातल्याचं कळलं. आई म्हणाली, बरं झालं, पौडकरांच्या कानाला इसावा. राग मानू नका. फोनवर तुम्ही नुसते हुंकार देणार, म्हणून पौडला रोज फेऱ्या मारणाऱ्या पियूषच्या जीपमधून पत्र धाडते.

सोबत एका साप्ताहिकातला लेख आहे, खाली सही 'एक ग्रामस्थ'. देवराई काढून तिथे मोठं देऊळ आणि सभामंडप बांधावा, असं म्हणणं. गाव या लेखानं भारावलंय. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव येणार. झाडं गेली तर तिथला झरा आटेल, आणि आपली खालची वाडी पिते त्याच झऱ्याचं. तितली वाळकी काटकी बी कुनी घरी नेत न्हाई, अन तुमी मुळासकट काढताय व्हय, असं आईनं पारावर सुनावलं, तर लोक हसले. मला सभेत बोलायचंय. भाषण लिहून द्या.

तुमच्या मायेची हक्कदार,
गौतमी

पौड, १७ जानेवारी

चि. गौतमीस अनेक उत्तम आशीर्वाद.

लेख वाचला आणि गप्प बसणं ही शिक्षा आहे हे पहिल्यांदा कळलं. तरी सांगतो, झोडपण्याआधी त्याला त्याचं श्रेय दे. लेख चांगला लिहिलाय. आधी तो पटवून घ्यायच्या तयारीनं वाच आणि मन हललं तिथे खूण कर. मग प्रत्येक खुणेला विचार, इथे पुरावा आहे की नुसती भावना? भावना वाईट नसते, पण ती पुराव्याच्या जागेवर बसली असेल तर उठव. शेवटी लेखात काय नाही, ते शोध. आणि लिहिणारा कोण, तेही पाहा. मला तर हा जमिनीचा दलाल दिसतोय. 'आपण, आपण' असं बाहेरचाच इतक्यांदा म्हणतो.

भाषण जोडलंय. पहिल्या वाक्यापासून आवाज चढा ठेव.

लोभ आहेच, तो वाढता राहो.
शेखरमामा

कोळवण, २० जानेवारी

ती. मामांस सा. न.

'शेजारच्या गावांना कळस, आणि आपला देव पाचोळ्यात.' या वाक्याला माझीही मान खाली गेली. लेख जिंकतो तो इथे, आपल्याला लाजवून. पुरावा म्हणून एकच शेजारगाव, तिथे जत्रेला गर्दी होते म्हणून. 'सगळ्या गावाची इच्छा' म्हटलंय, पण विचारलं कुणाला ते नाही. झऱ्याबद्दल तर एक अक्षर नाही.

मग त्याच नजरेनं तुमचं भाषण वाचलं. मामा, त्यातही झरा अगदी शेवटी येतो. त्याआधी दोन पानं दलाल, घरभेदी आणि आईच्या कुशीवर कुऱ्हाड. टाळ्या पडतील, मतं पडणार नाहीत.

आणि लिहिणारा बाहेरचा नाही. आपला निरंजनदादा आहे. काल हिंजवडीहून आला आणि जेवताना अभिमानानं सांगितलं. आई ताटावरून उठली. हे भाषण मी केलं तर दादा पुन्हा या घरात जेवणार नाही. भाषण परत पाठवतेय.

तुमची,
गौतमी

पौड, २१ जानेवारी

चि. गौतमीस आशीर्वाद.

दिवसभर तुझ्यावर चिडलो, पण ओरडता येत नसल्यानं राग लवकर उतरला. सख्ख्या भाच्याला मी दलाल म्हटलं. भाषण बंबात घातलं, पाणी बरं तापलं. आता तुला सुचेल तसं बोल. थोडं बोल.

तुझा मामा

कोळवण, २७ जानेवारी

ती. मामांस, शि. सा. न.

ठराव मागे घेतला. आधी हे लिहिते, म्हणजे तुम्ही पुढचं शांतपणे वाचाल.

मी लेखातलं ते कळसाचं वाक्य मोठ्यानं वाचलं आणि म्हटलं, हे खरं आहे, देवाकडे आपलं दुर्लक्ष झालंय. दादा चमकून बघायला लागला. मग एवढंच विचारलं, देऊळ झाल्यावर खालच्या वाडीनं पाणी कुठून भरायचं. लेख कुणाचा ते सरपंचांना ठाऊक असावं, त्यांनी दादाकडे पाहिलं. तो उठला आणि म्हणाला, झरा त्याच्या मनातच आला नव्हता. तो सुट्टीला येतो तेव्हा तो उठायच्या आधीच आईनं पाणी भरलेलं असतं. लेख आपलाच आहे, आपण चुकलो, असंही त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. राईबाहेर दगडी ओटा बांधावा आणि वाट साफ ठेवावी, एवढं ठरलं.

आज आईनं त्याला पहाटे उठवून हातात हंडा दिला. अर्धं पाणी त्यानं वाटेतच सांडलं. झऱ्यावरच्या बायका म्हणाल्या, सायबांना अजून दोन खेपा घालू द्या. आई त्याच्याशी अजून नीट बोलत नाही. पण न्याहारीला त्याच्या ताटात तिनं न विचारता दुसरी भाकरी वाढली.

तब्येतीला जपा, आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

गौतमी