लबीबाच्या भिंतीलगतची सरपणाची खोप

मी, झाहिया, दिवंगत वदीह शलहूब यांची विधवा, राहणार ऐन सिंदियान, लेबनॉनचा डोंगर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. गुडघे गेले, डोके शाबूत आहे. गावाचे प्रमुख, मुख्तार, यांनी त्याची खात्री करून घेतली. त्यांच्या लग्नातलं जेवण खारट झालं होतं, याची मीच त्यांना आठवण करून दिली.

१. राहते घर व मागची सफरचंदाची बाग मुलगी नुहाद हिला. खालच्या पायरीची शेतजमीन मुलगा रामिझ याला. त्याने कॅनडातून पाठवलेला विजेचा हीटर त्यालाच परत करावा.

२. द्राक्षांचा रस आटवायची तांब्याची काहील नुहादला. शेजारची लबीबा ती दरवर्षी मागून नेते. यापुढेही द्यावी, परत आली की बूड घासलंय का, ते पाहूनच आत घ्यावी.

३. सरपणाची खोप. हिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

आमच्या लग्नानंतर पहिल्या हिवाळ्याच्या तोंडावर वदीहने ती बांधली. मला ती स्वयंपाकघराच्या दाराशी हवी होती. त्याने अंगणाच्या पार टोकाला, लबीबाच्या भिंतीला चिकटून बांधली. लबीबा म्हणजे वदीहचा चुलतभाऊ नायफ याची बायको, नात्याने माझी जाऊ. नायफ ब्राझीलला गेला तो गेलाच.

"इतक्या लांब कशाला?" मी विचारलं.

"तिकडे वारा खेळतो. ओक लवकर वाळतो."

हद्दीपासून जागा सोडायचा नियम आहे. दुसरी कुणी असती तर भांडून गाव गोळा केलं असतं. लबीबा म्हणाली, "बांधा की, माझं काय जातंय?" तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

बर्फ पडायला लागल्यावर कळलं. वदीह भिंतीवरून तिला लाकडं देत असे. द्यावीत, बाई एकटी, मीही नको म्हटलं नसतं. पण तिची लाकडं बारीक फोडलेली असत आणि आमचे ओंडके जसेच्या तसे.

"तिला फोडता येत नाहीत," तो म्हणाला.

"आणि मला येतात?"

"तुला मी आहे ना, बाई."

एवढं बोलून तो जेवायला बसला. मी मात्र जळत राहिले, ती आजतागायत.

वदीह गेला, तेव्हा लबीबाने माझ्याहून मोठ्याने रडू नये, एवढीच माझी इच्छा होती. ती मुळीच रडली नाही. तेही मला आवडलं नाही. त्यानंतर लाकडं मी देऊ लागले, न फोडता.

यंदा द्राक्षं उतरल्यावर ती भिंतीशी आली. "बैरुतचा एक जण माझी जागा घेतोय. हद्दीला टेकलेली ही खोप निघाली तरच घेईन म्हणतो. काढ, झाहिये. मी खाली किनाऱ्यावर बहिणीकडे जाते. तिथे थंडी नसते."

"इतकी वर्षं खुपली नाही, आणि आता खुपायला लागली?"

"इतकी वर्षं तो होता."

मग मी तोंड सोडलं. बारीक फोडलेल्या लाकडांपासून सगळं उकरून काढलं. तिने भिंतीला टेकून ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कोणाला सुनावतेस? तो तुझ्या शेगडीशी बसायचा, झाहिये. मला नुसती लाकडं मिळाली."

तरीही खोप काढायला मी साफ नकार दिला. लबीबा गेली, तर वदीहचा खोकला आठवणारं माझ्याखेरीज कोण उरणार? आणि मी जळायचं तरी कोणावर? तो बैरुतवाला दुसऱ्या गावी जागा बघायला गेला. लबीबा राहिली. माझ्याशी बोलेना. शेवटी मीच कुऱ्हाड घेतली आणि जमेल तसे ओंडके फोडून भिंतीवर ठेवले, तेव्हा बोलली.

"जाडच आहेत," म्हणाली.

सबब, माझ्या पश्चात ही खोप, तिच्याखालची जमीन व आतील सर्व सरपण लबीबाच्या मालकीचे होईल. ठेवायची की पाडायची, ते तिने ठरवावे. ठेवली, तर नुहादने दर हिवाळ्याआधी ती ओकाच्या लाकडांनी भरून द्यावी. फोडून.

४. वदीहची कुऱ्हाड लबीबाला देऊ नये. मागितली तरी नाही. तिचा दांडा त्याच्या हातांनी गुळगुळीत झाला आहे. ती नुहादच्या घरात राहील.

५. घराण्याच्या दफनखोलीत वदीह आतल्या कोपऱ्यात आहे. मला त्याला खेटून ठेवावे. लबीबाही याच घराण्यातली, तिलाही तिथेच आणतील. ती आधी गेली, तर तिला दाराशी ठेवून माझी जागा राखावी. मी आधी गेले, तर तिला माझ्या शेजारी ठेवावे. माझ्या, त्याच्या नव्हे.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली आहे.

झाहिया शलहूब

साक्षीदार:
तौफीक अबी राद, मुख्तार
अफीफा मुकर्झल, दवाखान्यातील परिचारिका

ऐन सिंदियान, ९ नोव्हेंबर २०१६