एक भिंगरी, चार वर्ग

तीर्थस्वरूप वन्संना दोन्ही हात जोडून नमस्कार (वाकून करायचा होता, पण माझे गुडघे एकदा खाली गेले की वर यायचं नाव घेत नाहीत, तेव्हा हातांवरच भागवून घ्यावं).

तुमचा खोकला कसा आहे? घराला नवा रंग दिल्याचं कानावर आलं. पांढराच दिलात म्हणे. तुमचं बाई धाडस! आमच्याकडे सगळे ठणठणीत. मुलगा छापखान्यात रात्रपाळी करून दिवसा घोरतो, सूनबाई दवाखान्यात दिवसपाळी करून रात्री घोरते, त्यामुळे घरात घोरणं अखंड चालू असतं आणि (तुमच्यापासून काय लपवायचं) दोघांना भांडायला सवडच मिळत नाही. एरवी पत्र मी सांगते आणि नात लिहिते, पण भिंगरी शाळेत गेलीये म्हणून आज मीच बसले. चौथीत शाळा सोडलेल्या बाईचं अक्षर आहे. ओळ वर चढत गेली तर तुम्हीही मान वाकडी करून वाचा.

पत्राला कारण असं काही नाही. थकले, ते कुणाला तरी सांगावं म्हटलं. झालं काय, भिंगरीची दहावी संपत आली आणि पुढची दोन वर्षं तिला विज्ञान घ्यायचंय. मी म्हटलं, घे की. मला वाटलं विज्ञान म्हणजे मिठासारखं, एकच असतं, घ्यायचं किंवा नाही घ्यायचं. पण नाही! त्याचेही आता कपाटासारखे कप्पे केलेत. पडणाऱ्या वस्तूंचं वेगळं, रंग बदलणाऱ्या पाण्याचं वेगळं, हाडामांसाचं वेगळं आणि दगडांचंसुद्धा वेगळं. शाळेने एके दुपारी सगळ्या पालकांना बोलावलं होतं. एकेका वर्गात एकेक विषय मांडून ठेवलेला, फिरून बघायचं आणि हव्या त्या एकाच वर्गात फळ्यावर मुलाचं नाव लिहून यायचं. मुलगा घोरत होता, सूनबाई कामावर होती. भिंगरीबरोबर जायला पालक म्हणून उरले मी. नवी चप्पल घालून गेले, हा पहिला मूर्खपणा.

पहिल्या वर्गात भौतिकचे सर. उंच, बारीक, बोलताना स्वतःच खाली पडतील असे वाटणारे. त्यांनी एक मोठा गोळा आणि एक छोटी गोळी वरून सोडली आणि दोन्ही एकदमच कशा पडतात ते दाखवलं. मी कौतुकाने मान हलवली. सर म्हणाले, 'मग लिहू नाव?' आता वन्सं, तुम्हीच सांगा, एखाद्याने एवढं मांडून ठेवलंय, आपण समोर उभे आहोत, तोंडावर नाही कसं म्हणायचं? तुमच्या आईने मला या घरात आल्या आल्या जी शिस्त लावली ती हीच. कुणाच्या दारातून नकार देऊन निघायचं नाही. नको असेल तर हो म्हणावं आणि पुन्हा तिकडे फिरकू नये. (त्या शिस्तीपायी आपल्याकडे तीन शिवणयंत्रं आली होती, आठवतं ना? एकही चालत नव्हतं.) मी म्हटलं, लिहा.

पुढे रसायनाच्या बाई. त्यांनी पाण्यात पाणी ओतून गुलाबी केलं, मग त्यात तिसरं पाणी ओतून पुन्हा पांढरं केलं. मी म्हटलं, बाई, हे धुण्यात व्हायला लागलं तर घरोघरची भांडणं मिटतील. त्या इतक्या हसल्या की नाव न लिहिणं म्हणजे त्यांचं हसू परत मागण्यासारखं होतं. लिहिलं. मग जीवशास्त्र. तिथे एका सांगाड्याचा गुडघा उघडून बाईंनी झीज कशी होते ते समजावलं. वन्सं, माझ्या गुडघ्याबद्दल इतक्या आपुलकीने आजवर डॉक्टरसुद्धा बोलला नाही. लिहिलं. भिंगरी मागून बाही ओढत होती, पण पोरगी बोलेल तर शपथ. तीही आपल्याच वळणाची, तोंडातून 'नाही' निघत नाही.

शेवटचा वर्ग जिन्याच्या अगदी वरच्या टोकाला, दगडांचा. तिथे चिटपाखरू नव्हतं. म्हातारे सर एकटेच फडक्याने दगड पुसत बसलेले, आणि फळा कोरा करकरीत. मला बघून ते चटकन उठले आणि त्यांनी मला स्वतःची खुर्ची दिली. अख्ख्या शाळेत खुर्ची देणारा तो एक माणूस! आता यांना नाही म्हणायचं तर त्यापेक्षा जिन्यावरून गडगडत जाणं बरं. भिंगरीचं नाव मी स्वतः माझ्या हाताने लिहिलं. सर नंतर कितीतरी वेळ त्या फळ्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकेचं बोलावणं. पुन्हा ते जिने, पुन्हा ती चप्पल. बाईंनी विचारलं, 'आजी, तुमची नात एकाच वेळी चार वर्गांत कशी बसणार?' मी म्हटलं, चपळ आहे हो ती, भिंगरी काय उगाच म्हणतो? बाई हसल्या नाहीत. (मोठ्या पदावरची माणसं हसणं घरी ठेवून येतात.) त्या भिंगरीकडे वळल्या आणि म्हणाल्या, 'तुला स्वतःला यातलं काय हवंय?' पोरगी फरशीकडे बघत इतक्या हळू बोलली की मला कान पुढे करावा लागला. म्हणाली, 'यातलं नकोय. मला समुद्रातल्या जिवांचं शिकायचंय.'

मी चाट पडले. हे खूळ कधीचं, विचारलं तर कळलं की तुमच्याकडचंच आहे. ती लहान असताना आम्ही तिला घेऊन तुमच्याकडे आलो होतो, आणि तिने खिसे भरून आणलेले शंख तुमच्या पांढऱ्या चादरीवर चालायला लागले होते. (त्यानंतर आपलं येणं-जाणं थोडं मंदावलं, ते मी काढत नाही.) तुम्ही किंचाळलात, मी किंचाळले आणि भिंगरी म्हणे तेव्हाच ठरवून बसली की शंखातल्या खेकड्यांचं शिकायचं. इतकी वर्षं पोटात ठेवलं! बाई म्हणाल्या, तो विषय आमच्याकडे नाही, समुद्राकाठच्या शाळेत आहे, म्हणजे वन्सं, तुमच्याच गावच्या. तिथे कुणी नातेवाईक असेल तर जागा मिळते, महिनाअखेर कळवा. मी तोंड उघडणार तोच भिंगरी म्हणाली, 'नको बाई. आजी दुपारची एकटी असते.'

वन्सं, मी आजवर समजत होते की दुपारी मी तिला सांभाळते. शाळेतून आली की खायला देते, अभ्यासाला बसवते, डुलकी लागली तर हलवते. आणि ही पोरगी समजत होती की ती मला सांभाळते! परत येताना दोघीही बोललो नाही. माझी चप्पल मात्र सगळा रस्ता बोलत होती.

मग नक्की ठरेपर्यंत चारही वर्गांतलं नाव काढून आणायचं काम माझ्याकडे आलं. या वयात 'नाही' म्हणायला शिकले. आरशासमोर उभी राहून घोकलं. पहिल्या तिघांकडे कसंबसं जमलं. दगडांच्या सरांकडे गेले तर दगडांचीच चौकशी करत बसले, शेवटी तेच म्हणाले, 'आजी, नाव काढायला आलात ना? काढा. पण दुपारी येऊन बसत जा, खुर्ची आहेच.' नाव पुसून निघाले. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

असो. तूर्त भिंगरी म्हणते भौतिकात पुन्हा नाव घालते, गोळे पडताना बघते. मी म्हटलं, बरं. सगळं छान चाललंय, तुम्ही काळजी करू नये. खोकल्याला गरम पाणी प्यावं, रंग ओला असेल तर टेकू नये. घरातल्या लहानमोठ्यांना ज्याचं त्याचं पोचवावं.

तुमची थकलेली भावजय

ता. क. — कारण काही नाही असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. वन्सं, भिंगरीला दोन वर्षं तुमच्याकडे ठेवून घ्याल का? मुलगा आणि सून तयार आहेत, पण आत्याला विचारायची हिंमत दोघांत मिळून नाही. या घरात आल्यापासून मी तुमच्याकडे काही मागितलं नाही (ती मोठी परात मी परत केली होती, तुम्ही विसरलात). पोरगी गुणी आहे. जेवते कमी, बोलते त्याहून कमी. फक्त घरात घेण्याआधी तिचे खिसे तपासून घ्या.

आणखी एक — दुपारी मी दगडांच्या वर्गात जाऊन बसणार असं मी भिंगरीला सांगून ठेवलंय, म्हणजे तिचं मन मोकळं होईल. सरांनी बोलावलंय हे खरं. पण रोज एवढे जिने मी चढणार नाही हेही तितकंच खरं. हे तिच्याजवळ बोलू नका.

आणि शेवटचं — नकार असेल तर पाकिटावर माझं नाव घाला. मी तिला सांगेन की आजीनेच सोडलं नाही. माझ्यावरचा राग तिचा संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. होकार असेल तर तिच्या नावाने पाठवा. घाई करू नका. महिनाअखेर गाठली म्हणजे झालं, तोवर ती इथेच आहे.