डावीकडून जरा वर

शनिवार, ६ सप्टेंबर

गेलो एकदाचा! नाही नाही म्हणत गेलो. लेक ज्या शाळेत बाई आहे, तिथे युद्धातून पळून आलेल्या घरांतल्या मुलांसाठी दर शनिवारी हॉल उघडतात. अभ्यास, जेवण, फाटकं शिवून देणं, अर्ज भरून देणं — सगळं एका छपराखाली. आता त्यात केस कापणं. "बाबा, घरात बसून आईचं डोकं खाता, त्यापेक्षा चार पोरांची डोकी बघा." बापाशी बोलायची ही तऱ्हा!

दुकान चिरंजिवांच्या ताब्यात दिल्यापासून हात शिवशिवत होते हे खरं. पण तिला कशाला सांगा.

खुर्ची दिली ती बालवर्गाची. माझ्या गुडघ्याएवढी. "मग तुम्ही पण बसून कापा ना," शाळेचा शिपाई म्हणाला. बसून! बसून केस कापतो तो न्हावी नव्हे, भाजी चिरणारा — माझे वडील म्हणायचे. उभ्या जन्मात मी गिऱ्हाइकाजवळ बसलेलो नाही. शेवटी गाण्याच्या वर्गातलं फिरतं स्टूल आणलं. उंची बरोबर झाली. स्टूलवर फिरायला मिळतं म्हणून पोरांनी रांग लावली. काही जण केस कापून झाल्यावर परत रांगेत!

रविवार, ७ सप्टेंबर

कंबर धरली. ही म्हणते, "समाजसेवा कंबरेलाच लागते वाटतं." तेल मात्र तिनेच चोळलं.

शनिवार, १३ सप्टेंबर

एक मुलगी. सातआठ वर्षांची असेल. कपाळावरची झुलपं पार डोळ्यांत. समोरचं बघायचं तर मान मागे टाकून नाकावरून बघते, हेडमास्तर बघतात तशी. मी स्टूल पुसलं, कापड झटकलं, म्हटलं ये. आली. बसली. मनसोक्त फिरून घेतलं, उतरली आणि म्हणाली, "नाही."

"नाही म्हणजे?"

"बाबा कापणार."

आपली भाषा तिला अजून चार शब्द येते, पण त्यातले हे दोन चांगलेच पक्के आहेत. मागून लेकीने सांगितलं. आई, मुलगी आणि धाकटा भाऊ पुढे आले. बाप मागे राहिला. मधल्याच कुठल्या देशात अडकलाय, कागद व्हायचेत. तो येईल तेव्हा तोच केस कापेल, तोवर कुणीही हात लावायचा नाही असं मुलीने ठरवलंय.

ठरवलंय म्हणे! आमच्या घरात मी इतक्या वर्षांत एवढं काही ठरवू शकलो नाही. मी तिचं नाव झिपरी ठेवलं. मनातल्या मनात.

शनिवार, २७ सप्टेंबर

मनातलं नाव मनात राहिलं नाही. सगळी पोरं तिला झिपरी म्हणतात आणि ती खुशाल ओ देते. मला कात्रीआजोबा म्हणतात. फिट्टंफाट.

आज लालूच दाखवली. लिमलेटची गोळी. तिने गोळी घेतली, आभार मानले, गेली. पालथ्या घड्यावर पाणी!

शनिवार, ११ ऑक्टोबर

झिपरीची आई शिवणाच्या टेबलाशी बसते. रफू असं करते की भोक कुठे होतं ते शोधावं लागतं. बोलत नाही फारसं. आज मीच जाऊन मुलीची तक्रार केली, हातवारे करून. ती हसली आणि फोनमधला फोटो दाखवला.

अरे देवा! आई, झिपरी, धाकटा — तिघांच्या कपाळावरची झुलपं वाकडी. तिघांचीही एकाच बाजूने! डावीकडून वर चढलेली, उजवीकडे उतरती. एकाच हाताचं काम. बाजूला तो हात स्वतः उभा, दात काढून हसतोय.

झिपरीला विचारलं, "बाबा काय काम करतो गं?"

"सुतार."

सुतार! त्याने बसवलेली दारं लागत तरी असतील का?

म्हणजे या वाकड्या कामासाठी ही पोरगी माझ्यासारख्या माणसाला स्टूलवरून उतरून नाही म्हणते. दिवसभर डोक्यात तेच. जेवताना हिला सांगितलं तर म्हणते, "तुम्हाला मत्सर वाटतोय." मला? एका सुताराचा?

शनिवार, १८ ऑक्टोबर

हिने झिपरीसाठी दोन छान क्लिपा पाठवल्या. झिपरीने दोन्ही धाकट्या भावाला लावल्या. तो खूश.

शनिवार, १ नोव्हेंबर

नाटकाची तालीम होती. झिपरीला झाडाचं काम दिलंय — दिसलं नाही तरी चालेल असं काम, म्हणून. झाडाने फक्त उभं राहायचं. पण उभं राहायला आधी स्टेजवर यावं लागतं. आली. आली आणि तशीच पुढे चालत गेली, स्टेज संपलं तरी! खाली स्वयंपाकवाल्या मावशी पावाचे ट्रे घेऊन उभ्या होत्या, त्यांनी ट्रे टाकून झाड झेललं. मावशींचा आवाज चढला, झाड हसत सुटलं, पाव सगळे जमिनीवर.

लेक माझ्याकडे आली. "बाबा, काहीतरी करा. वाचताना एकच डोळा वापरते ती."

मी म्हटलं, मी न्हावी आहे, पोलीस नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज त्या सुताराशी भांडलो!

शनिवारी दुपारी त्याचा फोन येतो, शाळेच्या वायफायवर, चेहरा दिसतो असा. आज झिपरी फोन घेऊन धावत माझ्याकडे. "बाबा तुला बघणार." बघितलं एकमेकांना. फोटोपेक्षा खूपच वाळलाय. मागे पलंगावर पलंग, दोऱ्यांवर कपडे. हसणं तेवढं तसंच.

"बाबा म्हणतो, तू हात लावू नको."

"सांग त्याला, हात लावत नाही. पण सुतार असून पाणसळ लावता येत नाही का? सगळं वाकडं!" पाणसळ तिला कळेना. मग मी तळहात आडवा धरला, एका बाजूने वर केला, तोंड वाकडं केलं. तिकडे तो इतका हसला की फोनमध्ये छतच दिसायला लागलं.

"बाबा म्हणतो, झोपलेल्या माणसाचे केस सरळ कापून दाखव."

"झोपलेल्या?"

मग तिने करून दाखवलं. बाबा बसतो. ती त्याच्या उजव्या मांडीवर बसते, डोकं डावीकडे त्याच्या छातीला टेकवते. कात्रीचा आवाज आला की तिला झोप येते. तो तसेच कापतो, उठवत नाही.

"आणि आईचे?"

"आईपण झोपते."



रविवार, १६ नोव्हेंबर

हिला म्हटलं, जरा खांद्याला डोकं टेक. "आता या वयात?" म्हणाली, पण टेकलं. नुसती फणी आडवी धरून पाहिली. बरोबर आहे! डोकं डावीकडे कललं की सरळ कापलं तरी डावी बाजू वर जाते. माणूस वाकडा नाही, डोकं तिरकं होतं.

हिने थोडा वेळ डोकं काढलंच नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर

आता नवीनच काम लागलंय. दर शनिवारी झिपरी स्टूलवर बसते, मी फणीने झुलपं सरळ करून कुठवर आली ते सांगतो आणि ती फोनवर बापाला कळवते. आज पापण्यांच्या खाली, नाकाच्या अर्ध्यावर. तिकडून तो झिपरीच्या तोंडून म्हणाला, "छान, मला काम राहिलं पाहिजे." मी म्हटलं, ये तर खरा, शिकवतो तुला. तो म्हणाला, शिकीन, पण कापीन वाकडेच.

सुतार मला आवडतो. इथे लिहायला काय जातंय!

शनिवार, १३ डिसेंबर

कागद झाले नाहीत. होणारही नाहीत, असं त्याला कुणीतरी सांगितलंय. आता तो दुसऱ्या वाटेने निघतोय. समुद्राच्या.

झिपरीने हे मला इतक्या आनंदाने सांगितलं की मीही "वा वा" म्हणून बसलो. मग तिच्या आईकडे लक्ष गेलं. सुई हातात तशीच, दोरा ओवायचा राहिलेला. या हॉलमधले बरेच जण त्याच वाटेने आलेत.

फोन ठेवण्याआधी त्याने मला विचारलं, "कात्री चांगली आहे ना? माझी मागे राहिली."

म्हटलं, माझी देतो. दुकानातली सगळ्यात चांगली, जी मी चिरंजिवांनाही दिलेली नाही.

शनिवार, २० डिसेंबर

कात्रीला धार लावून आणली. फडक्यात गुंडाळून पेटीत वेगळी ठेवली. फोन आला नाही. समुद्रावर फोन लागत नाही, असं प्रत्येक जण प्रत्येकाला सांगत होता.

शनिवार, ३ जानेवारी

फोन नाही.

फोनची वेळ झाली की हॉलमध्ये कुणीच वाट बघत नाही, असं सगळे दाखवतात. मावशी भांडी आपटत नाहीत. शिपाई वायफायचा डबा बंद करून चालू करतो. मग पुन्हा बंद करून पुन्हा चालू. मी एका पोराचे कापलेले केस परत कापले. त्याने तक्रार केली नाही.

झिपरी मात्र ठरल्याप्रमाणे स्टूलवर. "कुठवर?" नाकाच्या शेंड्याच्या जरा वर. "बाबा आला की सांगते," म्हणाली.

शनिवार, १७ जानेवारी

आज मदतीला चिरंजीव आले होते, आपलं मशीन घेऊन. हात चांगला आहे त्याचा, तोंडावर नाही सांगणार. मी चहा घ्यायला गेलो आणि येऊन बघतो तर झिपरी स्टूलवर आणि हा तिच्या कपाळापाशी कात्री घेऊन! ती बिचारी मोजायला बसली होती, त्याला वाटलं गिऱ्हाईक.

ओरडलो. सगळ्या हॉलसमोर ओरडलो. "खबरदार तिच्या केसाला हात लावलास तर!"

तो घाबरला. "अहो बाबा, तुम्हीच तर घरी म्हणत होतात, त्या पोरीचे केस एकदा कापायला मिळाले पाहिजेत म्हणून."

म्हणत होतो. आता नाही म्हणत. ते केस वाढताहेत तोवर तो येतोय, असं मला वाटायला लागलंय. वेड्यासारखं आहे, ठाऊक आहे. पण भीती वाटते.

मुलाला नंतर सॉरी म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तो आणखीनच घाबरला.

शनिवार, ३१ जानेवारी

झिपरी स्टूलवर बसली, पण फिरली नाही. मी फणी काढली तर म्हणाली, "आज मोजू नको."

बुधवार, ४ फेब्रुवारी

काल झिपरीच्या आईला फोन आला. बापाचा नव्हता.

आज मधल्या सुट्टीत लेकीने मला बोलावून घेतलं. हॉल रिकामा. आई दारात उभी. झिपरी स्टूलवर नव्हती, भिंतीकडच्या बाकावर बसली होती. मला म्हणाली, "काप. डावीकडून जरा वर."

पेटीतून फडक्यातली कात्री काढली. तिच्या शेजारी बाकावर बसलो. तिने डोकं माझ्या खांद्याला टेकवलं आणि डोळे मिटले. मला रडू आवरेना. बसूनच कापले. तिला झोप लागली, मी उठवलं नाही.

डावीकडून वर गेले. बरोबर गेले.