कपाटाचं खालचं टोक

तीर्थस्वरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (कंबरेमुळे सध्या आठांपैकी निम्मीच अंगं जमिनीला टेकतात, बाकीची मनानं टेकली असं समज.) पत्राला उशीर झाला हे कबूल. कागद कधीच आणून ठेवला होता, पण त्यावर आधी चहाचा कप ठेवला गेला, मग पेन हरवलं. पेन सापडलं तेव्हा लिहिण्यासारखं काही घडलेलं नव्हतं, आणि घडलं तेव्हा हात खांद्याच्या वर जाईना. तुझे गुडघे कसे आहेत? काका अजून टीव्हीवरच्या बातम्यांना उलट उत्तरं देतात का? तू शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी राबतेस आणि मग आम्हाला ते दुपारभर ऐकवतेस, तेही चालूच असेल. असू दे, कारण मला तुला तेच विचारायचंय: माणूस मुळात स्वार्थी असतो की परोपकारी? हसू नकोस. शाळा अर्धवट सोडलेल्यालाही असे प्रश्न पडतात. फक्त ते त्याच्या डोक्यात न शिरता पाठीत भरतात.

तर झालं असं, की कोंबड्यांच्या शेडवरचं काम मी सोडलं. (माझं आणि कोंबड्यांचं पटलं नाही. त्यातली एक तर माझ्याकडे अशी बघायची, की मलाच अंडं द्यायला उशीर झालाय. पण ते जाऊ दे.) आता मी लोकांचं घरसामान हलवणाऱ्या एका मालकांकडे आहे. खाली गोदाम, पहिल्या मजल्यावर मालकांचं घर, माळ्यावर मी. आम्ही तिघं कामाला: टेम्पो चालवणारा भोंगा (त्याला हळू बोलता येत नाही), अंगानं काटकुळा म्हणून ज्याला काडी म्हणतात तो, आणि मी. आता या धंद्यातली एक गोष्ट तुला माहीत नसणार. जड कपाट जिन्यानं उतरवताना दोन माणसं लागतात, एक वरच्या टोकाला, एक खालच्या. वरचा नुसता धरून असतो. खालच्याच्या छातीवर अख्खं कपाट येतं, त्यातल्या राहून गेलेल्या इस्त्रीसकट. म्हणून इथली पद्धत अशी, की प्रत्येक जिन्यापाशी मालक खिशातून नाणं काढून उडवतात आणि हरेल तो खाली लागतो. आपणहून खाली कोणी कधी लागलेलं नाही.

यावरूनच मालकांचं तत्त्वज्ञान तयार झालेलं. त्यांच्या मते माणूस पोटात असल्यापासून आईला लाथा मारतो, तो पुढे काय भलं करणार? भोंग्याला हे मान्य नाही. टेम्पो रस्त्यात बंद पडला की ओळखपाळख नसलेली माणसं येऊन ढकलतात, ती कोण, असं तो विचारतो. मालक म्हणतात, त्यांना रस्ता मोकळा हवा असतो. भोंगा म्हणतो, पायी चालणारेही ढकलतात. मालक म्हणतात, त्यांना तुझा आवाज ऐकायचा नसतो. हा वाद रोज चहाबरोबर निघायचा आणि चहाबरोबर संपायचा. पण एकदा मालक आत गेल्यावर भोंग्यानं (त्याच्या मानानं कुजबुजत, म्हणजे गल्लीला ऐकू जाईल असं) मला मूळ दुखणं सांगितलं. हा धंदा मालकांनी धाकट्या भावाबरोबर सुरू केला होता. धाकटा सगळ्यात मोठं गिऱ्हाईक घेऊन वेगळा झाला, जाताना आईची लाकडी पेटीही घेऊन गेला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद, आणि तेव्हापासून अख्खी मनुष्यजात स्वार्थी.

आता माझा पहिला दिवस ऐक. वरच्या मजल्यावरचं लाकडी कपाट, जिना अरुंद. मालकांनी नाणं काढलं. मला ना ही पद्धत ठाऊक, ना खालचं-वरचं ठाऊक. मला एवढंच ठाऊक होतं, की सकाळपासून तीन कप चहा झालाय, त्या घरातल्या मोरीत फ्रिज ठेवलाय, आणि संडास आहे तो थेट तळाशी, वॉचमनच्या खोलीमागे. खालच्या टोकाचा माणूस आधी बाहेर पडणार, एवढा हिशोब मी केला आणि म्हणालो, "नाणं राहू द्या, मी लागतो खाली." मालकांचा हात तसाच हवेत राहिला. मग मी ते कपाट असं उतरवलं, की विचारू नकोस! वळणावर काडी वरून ओरडत होता, दमानं घे, दमानं घे. दम धरण्याची माझी परिस्थिती नव्हती. घाम फुटलेला, दात आवळलेले, डोळ्यांत पाणी. मालकांना ती सगळी त्यागाची लक्षणं वाटली. कपाट खाली टेकवून मी मागे पळालो, तर म्हणे कौतुक नको म्हणून पळाला.

त्या दिवसापासून नाणं बंद. खालचं टोक माझं. भोंगा येईल त्या गिऱ्हाइकाला मला दाखवून म्हणतो, माणूस मुळात चांगलाच असतो, हा देवमाणूस बघा, हाच पुरावा. काडीलाही ते पटलंय (वरच्या टोकाला उभं राहून हे लवकर पटतं). पुराव्याला मात्र सकाळी मोजे घालता येत नाहीत.

म्हणून परवा ठरवलं, मालकांना खरं काय ते सांगून टाकायचं. गेलो. ते गोणपाटाच्या घड्या घालत होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "बस. तुला म्हणून सांगतो. काल धाकट्याला फोन लावला."

मी बसलो. (बसायलाही वेळ लागतो हल्ली.)

"म्हटलं, कालचं पोर आपणहून खाली लागतं, आणि आपण दोघं एवढे घोडे झालो तरी अडून बसलोय. तो बघतो म्हणाला. नाही यायचा तो, माहितीये मला. पण मी फोन केला." आणि मग घड्या घालता घालता, माझ्याकडे न बघता, "तुझं काय काम होतं?"

मी म्हणालो, काही नाही, दोर कुठे ठेवलाय ते विचारायला आलो होतो. दोर माझ्या खांद्यावर होता.

आता तूच सांग, आत्या. त्या माणसाचा फोन माझ्या लघवीवर उभा आहे हे मी त्याला कसं सांगू? मी गप्प बसलो ते त्यांच्यासाठी, की 'देवमाणूस' म्हणवून घ्यायची चटक लागली म्हणून? मी बराच विचार केला. थोडं हे निघतं, थोडं ते निघतं, आणि मग कंबरेतून कळ येते. बाकी मजेत आहे. काळजी करू नकोस, मला कशाचीही गरज नाही.

तुझा,
मानेपासून वर धडधाकट असलेला भाचा

ता. क. गरज एकच आहे. पत्र मिळताच मालकांना फोन करून तू अंथरुणाला खिळलीस असं कळव. दुखणं जरा भारी सांग, सर्दी-पडशावर हे मला सोडायचे नाहीत. म्हणजे खरं न सांगता निघता येईल आणि मालकांचं मनही मोडणार नाही. (म्हणजे हे मी त्यांच्यासाठीच करतोय. बहुतेक.)

ता. क. २. काकांना आजारी पाडलंस तरी चालेल.

ता. क. ३. थांब, फोन करू नकोस. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात गोदामासमोर दुसराच टेम्पो येऊन लागला. भोंगा ओरडतोय, म्हणजे गावाला कळलंच: धाकटा आलाय. पेटी घेऊन आलाय. मालक एका पायात चप्पल घालून खाली धावले. गळाभेट वगैरे काही नाही, दोघांनी सरळ पेटीला हात घातला. आता जिन्यातच भांडण जुंपलंय. मालक म्हणतात, तू वर हो, मी खाली लागतो. धाकटा म्हणतो, दादा, तुझं वय काय, तू वर हो. दोघंही खालचं टोक धरून बसलेत, कोणी सोडायला तयार नाही, आणि पेटी जागची हलत नाही.

वरचं टोक मोकळं दिसतंय. काडीच्या लक्षात यायच्या आत जाऊन धरतो.